लाइट गेली की लँडलाइन का बंद पडते? (आवाज आणि डेटा एकाच नेटवर्कवर)

तिसरी_घंटा (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

आईबाबांच्या घरची तांब्याची तार काढून कंपनीने फायबर आणला. नंबर तोच, फोनचा डबाही तोच जुना राखाडी. पहिल्याच वळवाच्या पावसात लाइट गेली आणि फोन मुका झाला. बाबांनी मोबाइलवरून मला विचारलं, "लँडलाइनला लाइट कधीपासून लागायला लागली रे?" कस्टमर केअरचं उत्तर होतं, "सर, इन्व्हर्टर लावून घ्या." उत्तर चुकीचं नाही, पण नेमकं काय बदललंय ते कोणी सांगत नाही. मी याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्या लँडलाइनमध्ये घरातल्या फोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधून त्याच दोन तारांवरून यायची. ४८ व्होल्ट डीसी. गावातली लाइट जावो नाही तर राहो, एक्स्चेंजच्या बॅटऱ्या जिवंत तर फोन जिवंत. कॉल लागला की तुमच्यासाठी एक वाट राखून ठेवली जायची आणि फोन ठेवेपर्यंत ती दुसऱ्या कोणाला मिळत नसे. बोला, गप्प बसा, मध्येच उठून दूध उतू गेलंय का बघून या, वाट तुमचीच. लग्नाच्या वऱ्हाडासाठी एसटी प्रासंगिक करारावर घेतात तसं: निम्म्या सीट रिकाम्या असल्या तरी वाटेत कोणाला चढता येत नाही.

पुढे एक्स्चेंज डिजिटल झाली, पण वाट राखून ठेवायची पद्धत तशीच राहिली. आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे एका बाजूला ६४ किलोबिट प्रति सेकंद. अशी ३० संभाषणं एका ई-वन लाइनवर.

पॅकेटच्या जगात वाट राखून ठेवत नाहीत. २० मिलिसेकंदांचा आवाज कापायचा, त्यावर पत्ता चिकटवायचा, सोडून द्यायचा. गंमत म्हणजे तोच ६४ किलोबिटचा आवाज पॅकेटात भरला की जड होतो. १६० बाइट आवाज, वर ४० बाइट नुसते पत्ते आणि अनुक्रमांक, अशी सेकंदाला ५० पॅकेटं. हिशेब केला तर ८० किलोबिट. मग हे परवडतं कसं? तर वाट आधीच डेटासाठी बांधलेली आहे. घरात कोणी सिनेमा बघत असेल तर त्याला काही मेगाबिट लागतात, तिथे हे ८० किलोबिट मोजायला कोणी बसत नाही.

डायल-अपच्या काळात आवाजासाठी टाकलेल्या तारेवर डेटा कोंबावा लागायचा, मोडेमची किंकाळी आठवत असेल. आता गणित उलटलंय. डेटा इतका वाढला की आवाज त्यात कुठे दिसतही नाही. मग त्यासाठी वेगळी एक्स्चेंज, वेगळे सुटे भाग, वेगळी माणसं, वेगळा एसी कोण पोसणार?

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण जिओचं. ५ सप्टेंबर २०१६ ला सेवा सुरू झाली तेव्हा त्यांच्याकडे टूजी-थ्रीजी नव्हतंच. सगळं फोरजी, आणि कॉल म्हणजेही डेटाच. बाकीच्या कंपन्यांकडे तेव्हा नेट फोरजीवर चालायचं, पण कॉल आला की फोन मुकाट थ्रीजी किंवा टूजीवर उतरायचा. एअरटेलने व्होल्टे (फोरजीवरूनच कॉल) सुरू केलं ते सप्टेंबर २०१७ मध्ये, मुंबईपासून.

माझं मत सांगतो. आवाज डेटावर आणणं योग्यच होतं. पण दोन वेगळी जाळी होती तेव्हा एक पडलं तरी दुसरं शिल्लक असायचं. ही सोय कोणी मुद्दाम दिलेली नव्हती, आपोआप मिळत होती. त्यामुळे ती काढून घेताना तिची किंमतही कोणी लावली नाही. चर्चा यावर व्हावी. "जुनं ते सोनं" वर नको, प्लीज.

---

निवृत्त_जेटीओ

लेख आवडला. एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांचा उल्लेख आला म्हणून लिहितो, कारण एक्स्चेंज म्हटलं की लोकांना स्विच रूम आठवते, बॅटरी रूम कोणालाच आठवत नाही.

आमच्याकडे दोन-दोन व्होल्टचे २४ सेल ओळीने मांडलेले असत. सकाळी ड्युटीवर आलं की पहिलं काम म्हणजे पायलट सेलमध्ये (नमुन्यादाखल तपासायचा सेल) हायड्रोमीटर घालून स्पेसिफिक ग्रॅव्हिटी बघायची आणि वहीत लिहायची. ॲसिडच्या वाफेने खिडकीचे गज खाल्लेले आणि प्रत्येकाच्या पँटीला बारीक भोकं. लाइट गेली की स्विचला काही कळायचंसुद्धा नाही, भार बॅटरीवर. मग डीजी सेट चालू. टाकीत डिझेल किती आहे ते पट्टी घालून बघायचं आणि तेही वहीत.

सांगायचा मुद्दा, घरात न दिसणारी ही सगळी यातायात भाड्यात धरलेली होती. आता बॅटरीची जबाबदारी गुपचूप गिऱ्हाइकाच्या घरात सरकवली आहे.

सी-डॉट या सरकारी संस्थेचं १२८ पोर्टचं रॅक्स (खेड्यांसाठीचं छोटं एक्स्चेंज) आठवतं का कोणाला? १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला पहिलं लागलं. एसी नको, धूळ-उकाडा चालेल, असं आपल्या खेड्यांसाठी बनवलेलं. वीज जाणार हे गृहीत धरूनच त्याची आखणी केली होती.

---

घाटवाट

काका, आदर आहे, पण तांब्याचे गोडवे जरा आवरा.

आम्ही घाटाखालचे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर लँडलाइन ही शोभेची वस्तू होती. खड्ड्यातल्या जॉइंटमध्ये पाणी, फोन उचलला की डायल टोनऐवजी खरखर, नाहीतर शेजारच्या दुकानदाराच्या सुपारीच्या भावाची चर्चा. १९८ ला तक्रार करायची तर त्यासाठी फोन चालू असलेलं घर शोधत जायचं. लाइनमन यायचा, खड्ड्यात वाकून बघायचा आणि सांगायचा, "पाऊस कमी झाला की बघू." पाऊस कमी झाला की फोन आपोआप चालू व्हायचा आणि तक्रार 'निकाली' निघायची. वर केबलचोरी आहेच.

एक्स्चेंजची बॅटरी शाबूत असेल हो, पण ती वीज माझ्या घरापर्यंत पोचायला तार धड नको? फायबरला पाणी बाधत नाही आणि भंगारवाला त्याला विचारत नाही. वर्षातले चार महिने बंद असणारा फोन लाइट गेल्यावर चालायचा, याचं कौतुक मी कशाला करू?

---

निवृत्त_जेटीओ

@घाटवाट, मान्य. कागदी इन्सुलेशनच्या जुन्या केबलमध्ये एकदा पाणी शिरलं की शंभर जोड्या एकदम जायच्या. जेली भरलेल्या केबल आल्यावर फरक पडला, पण जॉइंट नीट केला तरच. रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीपुढे तर सगळेच सारखे, तांबं काय नि फायबर काय.

---

चकलीभाजणी

मला एक बाळबोध प्रश्न आहे. जर आता सगळंच पॅकेट आहे, तर व्हॉट्सॲप कॉल आणि साधा कॉल यात फरक काय राहिला? आमच्या ऑफिसच्या बेसमेंटमध्ये व्हॉट्सॲप कॉल तुटत तुटत येतो आणि साधा कॉल नीट लागतो. दोन्ही एकाच सिमच्या फोरजीवर. असं का?

---

तिसरी_घंटा

@चकलीभाजणी, प्रश्न बाळबोध मुळीच नाही, सगळा धागा यावरच उभा आहे.

फोरजीमध्ये पॅकेटांना वर्ग असतात. व्होल्टे कॉल लावला की नेटवर्क तुमच्या फोनसाठी एक वेगळा 'बेअरर' (वेगळी मार्गिका) उघडतं आणि त्याला ठरावीक वेगाची हमी देतं. कॉल जोडण्याचे निरोप त्याहून वेगळ्या, दुसऱ्या बेअररवर. व्हॉट्सॲपचा आवाज मात्र बाकी इंटरनेटबरोबर, शेजारच्याच्या रीलच्या मागे रांगेत. टॉवर रिकामा असेल तर फरक कळणार नाही. ऑफिस सुटायच्या वेळी कळतो. बेसमेंटमध्ये कळतो कारण सिग्नल कमजोर असला की टॉवरची ताकद तुमच्यावरच जास्त खर्ची पडते, आणि मग आधी कोणाला द्यायचं हा प्रश्न येतो. व्होल्टेमध्ये त्या ४० बाइटच्या पत्त्यांनाही दाबून अगदी काही बाइटांवर आणतात, म्हणून हवेतून जाणारं ओझं कमी होतं.

म्हणजे बघा, पॅकेटवर आलो तरी आवाजासाठी वाट थोडीफार राखावीच लागली.

दुसरा फरक आवाजाच्या दर्जाचा, आणि इथे मी जुन्याच्या विरुद्ध आहे. जुनी टेलिफोनी ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज नेत असे. म्हणून फोनवर 'स' आणि 'फ' यांत गोंधळ व्हायचा आणि आडनावं उलगडून सांगावी लागायची. व्होल्टेचा वाइडबँड कोडेक (आवाजाचे आकडे करणारी पद्धत) ७००० हर्ट्झपर्यंत जातो. दोन्ही टोकं व्होल्टेवर असतील तर समोरचा श्वास घेतो तेही ऐकू येतं.

तिसरा फरक: ११२ या आपत्कालीन नंबरला व्हॉट्सॲपवरून फोन करता येत नाही. जबाबदारी कोणाची, हा प्रश्न नंबर देणाऱ्या कंपनीला लागू होतो, ॲपला नाही.

---

बोरीबंदर

अवांतर: आवाजाला प्राधान्याचे वर्ग ही कल्पना आपल्याला नवी नाही. ट्रंक कॉल बुक करताना ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर होतेच की. लाइटनिंगवाला ऑर्डिनरीवाल्याच्या डोक्यावरून पुढे जायचा. फरक इतकाच की तेव्हा पैसे आपल्याला मोजावे लागत आणि वर ऑपरेटरबाईंचं बोलणं खावं लागे.

---

हिंजवडी_फेज_३

तांत्रिक एकत्रीकरण बरंच आधी झालं होतं हो, अडलं होतं ते नियमांत. मी कॉल सेंटरच्या टेलिकॉम टीममध्ये होतो त्या काळातली गोष्ट सांगतो.

कंपनीचं अमेरिका-पुणे संभाषण आयपीवरून (इंटरनेटच्या पॅकेट पद्धतीने) यायचं. पण भारतातल्या साध्या फोन नेटवर्कशी त्याची गाठ पडता कामा नये, हा नियम. नाहीतर परदेशातला कॉल इंटरनेटवरून आणून इथे लोकल म्हणून सोडला जाईल आणि आंतरराष्ट्रीय कॉलचा महसूल बुडेल. म्हणून ईपीएबीएक्समध्ये (ऑफिसच्या अंतर्गत एक्स्चेंजमध्ये) 'लॉजिकल पार्टिशन' करायचं. एकाच मशिनच्या पोटात दोन जगं, मध्ये सॉफ्टवेअरची भिंत. तपासणी यायची तेव्हा आम्ही कॉन्फिगरेशनच्या प्रिंटा काढून ठेवायचो आणि साहेबांसमोर एका बाजूचा कॉल दुसऱ्या बाजूला ट्रान्सफर करून दाखवायचो, म्हणजे तो लागत नाही हे दाखवायचो. आपली यंत्रणा नीट बंद पडते याचं प्रात्यक्षिक देण्याची नोकरी!

नोव्हेंबर २०२० मध्ये ओएसपीचे (कॉल सेंटरसारख्या कंपन्यांचे) नियम सैल झाले, जून २०२१ मध्ये आणखी. तोवर सगळे घरून काम करत होते आणि भिंत कुठे घालायची हाच प्रश्न होता.

इंटरनेट टेलिफोनी आपल्याकडे एप्रिल २००२ पासून कायदेशीर, पण अर्धवट. कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनला लावता येई, इथल्या फोनला नाही. ते कोडं सुटलं २०१८ मध्ये, मग बीएसएनएलने विंग्ज नावाची ॲपवरची सेवा आणली. सोळा वर्षं गेली यात.

---

पॅकेटफोड्या

वा, मस्त धागा. थोडा इतिहास माझ्याकडून.

पॅकेटवरून बोलायची कल्पना जुनी आहे. १९७४ मध्ये अर्पानेटवर (इंटरनेटचा पूर्वज) डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवाज पाठवून दाखवला होता. त्या अनुभवाचा परिणाम आपण आजही भोगतोय, चांगल्या अर्थाने. सुरुवातीला टीसीपी हा एकच प्रोटोकॉल होता, आणि तो हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवत बसायचा. फाइलसाठी उत्तम, बोलण्यासाठी घातक. "काय" हा शब्द एक सेकंदाने उशिरा मिळाला तर त्याचा उपयोग शून्य. त्यापेक्षा तो हरवलेला बरा, कान भरून काढतो. म्हणून १९७८ मध्ये टीसीपीतून आयपी (नुसतं पत्त्यावर पोचवण्याचं काम) वेगळा काढला आणि पुढे यूडीपी (हरवलेलं पुन्हा न मागवणारा) आला. आज व्होल्टे, झूम, व्हॉट्सॲप यांचा आवाज बहुतेक यूडीपीवरच जातो. इंटरनेटच्या सांगाड्यावरची ही एक फट आवाजासाठी ठेवलेली आहे म्हणा ना.

दुसरा किस्सा एटीएमचा (बँकेचं नव्हे, टेलिकॉमचं). ८० च्या दशकात टेलिकॉमवाल्यांना वाटलं की आवाज-डेटा एकत्र करायचा तर आपल्या पद्धतीने करू, छोट्या ठरावीक आकाराच्या पेट्यांत. पेटी किती बाइटची? युरोप म्हणे ३२, अमेरिका म्हणे ६४. युरोपचं कारण असं: पेटी मोठी असेल तर ६४ किलोबिटच्या आवाजाने ती भरायला वेळ लागतो. ३२ बाइट भरायला ४ मिलिसेकंद, ६४ ला ८. उशीर वाढला की बोलणाऱ्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो आणि तो मारायला देशभर महागडी यंत्रं बसवावी लागतात. फ्रान्ससारख्या आटोपशीर देशाला ३२ मध्ये ती यंत्रं टाळता येत होती. अमेरिकेला अंतरांमुळे ती बसवावीच लागत होती, मग त्यांना मोठ्या पेटीचं काय? शेवटी भांडण मिटवायला मधला आकडा घेतला: ४८. त्यावर ५ बाइटचा पत्ता, एकूण ५३. कोणाचंच समाधान न करणारा, दोनच्या घातात न बसणारा आकडा. समित्या अशाच चालतात.

---

बोरीबंदर

५३ चा किस्सा म्हणजे सोसायटीच्या मीटिंगमध्ये रंग ठरवण्यासारखं झालं. 😀

---

म्युनिकवासी

जर्मनीतून हजेरी. इथे डॉइचे टेलिकॉमने आयएसडीएन (जुन्या डिजिटल फोन लाइन) मोडीत काढून सगळ्यांना आयपीवर आणलं. दर महिन्याला कोणाकडे तरी पत्र यायचं: अमुक तारखेपर्यंत नवीन करार करा, नाहीतर जुनी लाइन बंद. सक्तीच होती.

धागालेखकाच्या मुद्द्याला पुष्टी देणारी घटना नोव्हेंबर २०१६ ची. सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर एकाच वेळी आडवे झाले. कोणीतरी राउटरच्या दूरस्थ देखभालीच्या पोर्टवर हल्ला केला होता, घुसखोरी जमली नाही, पण त्या धक्क्याने राउटर कोलमडले. पूर्वी असं झालं असतं तर "नेट गेलं" एवढंच झालं असतं. इथे नेट, टीव्ही आणि फोन तिन्ही गेले, कारण तिन्ही त्याच डब्यातून येतात. आणि तक्रार करायला फोन लावायचा तर तो कुठून?

माझी शेजारीण ऐंशीच्या पुढची, एकटी राहते. गळ्यात आपत्कालीन बटण घालते, ते फोनच्या लाइनवर चालायचं. आता त्याच्या डब्यात मोबाइलचं सिम बसवलंय. म्हणजे घरातलं नेटवर्क पडलं तरी बटणाला दुसरी वाट आहे. कंपनीने आपणहून नाही दिलं, तिच्या मुलाने भांडून करून घेतलं.

---

टोरांटोची_मैना

आमच्याकडचं ऐका. ८ जुलै २०२२, शुक्रवार. रॉजर्स या कॅनडातल्या टेलिकॉम कंपनीचं नेटवर्क पहाटे गेलं ते दिवसभर. एक कोटी वीस लाखांहून जास्त ग्राहक. मोबाइल, घरचं इंटरनेट, घरचा फोन सगळं एकदम. इंटरॅक बंद, म्हणजे दुकानात डेबिट कार्ड चालेना. मी कॉफीच्या दुकानाबाहेर उभी राहून त्यांचं फुकट वायफाय मिळवणाऱ्यांच्या घोळक्यात होते. अनेकांना ९११ सुद्धा लागत नव्हतं.

कारण? देखभालीच्या कामात एका राउटरवरचा फिल्टर काढला गेला आणि पॅकेटांच्या रस्त्यांच्या माहितीचा लोंढा कोअर (नेटवर्कच्या गाभ्यातल्या) राउटरवर आदळला. मोबाइल आणि वायरलाइन दोन्हींचा आयपी कोअर एकच, त्यामुळे दोन्ही एकत्र झोपले. कहर म्हणजे बिघाड शोधायला त्यांचे इंजिनिअर ज्या नेटवर्कवरून आत शिरतात तेही त्याच कोअरवर अवलंबून होतं. किल्ली आत आणि दार बंद. नंतर त्यांनी दोन कोअर वेगळे करायचं जाहीर केलं. म्हणजे आधी पैसे खर्चून एकत्र केलं आणि मग पैसे खर्चून वेगळं.

---

घाटवाट

रॉजर्सचं उदाहरण धागालेखकाच्या बाजूने मोजू नका. ती चूक राउटर सांभाळणाऱ्यांची, एकत्रीकरणाची नव्हे. जुन्या एक्स्चेंजमध्ये चुका होत नव्हत्या का?

---

तिसरी_घंटा

@घाटवाट, होत होत्या. पण एक एक्स्चेंज पडलं तर एक भाग बंद व्हायचा. चूक कोणाकडूनही होणारच, ती किती लांब पसरते हा माझा प्रश्न आहे.

टोरांटोच्या आधी आठवडाभरच, २ जुलै २०२२ ला, जपानमध्ये केडीडीआय या मोबाइल कंपनीचं झालं ते याहून बोलकं आहे. एका कोअर राउटरची अदलाबदल करताना आवाजाची वाहतूक साधारण पंधरा मिनिटं अडली. फक्त पंधरा मिनिटं. ती मोकळी केल्यावर काय झालं? लाखो फोन "मी इथे आहे, माझी नोंद करा" म्हणून एकदम आले. नोंदणीची यंत्रणा गुदमरली, नोंद झाली नाही म्हणून फोन पुन्हा विचारू लागले, पुन्हा गर्दी. सगळं पूर्ववत व्हायला ६१ तासांच्या वर लागले आणि कंपनीच्या तेव्हाच्या अंदाजाप्रमाणे झळ पोचली तीन कोटी नव्वद लाखांपर्यंत कनेक्शनना. त्यात माणसांचे फोन होतेच, पण बँकेची एटीएम आणि हवामान खात्याची निरीक्षणं पाठवणारी यंत्रंही होती.

तांब्याच्या लँडलाइनला 'नोंदणी' हा प्रकारच नव्हता. तार एमडीएफवर (एक्स्चेंजमधल्या तारा जोडायच्या चौकटीवर) ज्या जागी जोडली आहे तोच तुमचा पत्ता. व्होल्टेचा फोन, किंवा घरातला फायबरचा डबा, आधी स्वतःची ओळख पटवतो, मगच त्याला बोलता येतं. म्हणजे तार धड, वीज आहे, टॉवर उभा आहे, तरीही मध्यवर्ती नोंदवही सापडत नाही म्हणून कॉल नाही. बिघाडाची ही जात नवीन आहे.

---

हिंजवडी_फेज_३

+१. आणि जिओच्या वेळचं एक विसरू नका. त्यांच्या आत सगळं आयपी, पण बाहेरच्या कंपन्यांशी गाठ पडायची ती ई-वनवरच. धागालेखकाने सांगितलेल्या त्याच ३० संभाषणांच्या लाइन. २०१६ मध्ये त्या पुरेशा दिल्या जात नाहीत यावरून केवढं रण माजलं होतं. ट्राय या दूरसंचार नियामकाने ऑक्टोबर २०१६ मध्ये तीन जुन्या कंपन्यांना मिळून ३०५० कोटींचा दंड सुचवला होता. आठ पदरी रस्ता बांधायचा आणि गावाच्या वेशीवर एकच नाकं.

---

लंडनचा_काका

ब्रिटनमध्ये हाच विषय सध्या घरोघरी आहे. जुनं टेलिफोन नेटवर्क आधी डिसेंबर २०२५ मध्ये बंद होणार होतं, ते जानेवारी २०२७ वर ढकललं. कारण? आपत्कालीन बटणं आणि म्हातारी माणसं. २०२२ च्या वादळांत वीज गेल्यावर लोकांचे फोन गेले, ओरड झाली, आणि बीटी या तिथल्या फोन कंपनीने ग्राहकांना नवीन फोनवर हलवणं काही काळ थांबवलं. इथल्या नियामकाचा दंडक आहे: ज्यांच्याकडे दुसरा मार्ग नाही त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास तरी आपत्कालीन कॉल करता आला पाहिजे, आणि ती सोय कंपनीने द्यायची.

एक तास हे मला कमीच वाटतं. डोंगराळ भागात वादळानंतर वीज दोन दोन दिवस येत नाही आणि टॉवरच्या बॅटऱ्याही तोवर संपतात. पण निदान कोणीतरी आकडा ठरवला, आणि तो कंपनीच्या माथी मारला.

---

निवृत्त_जेटीओ

लंडनच्या काकांनी मर्मावर बोट ठेवलं. आपल्याकडे फायबर बसवायला येणारा मुलगा स्पीड टेस्ट करून दाखवतो, वायफायचा पासवर्ड सांगतो, सही घेतो आणि जातो. लाइट गेल्यावर फोन चालणार नाही हे वाक्य त्या सहीच्या कागदावर ठळक छापायला काय हरकत आहे? बॅटरी नका देऊ फुकट, निदान सांगा तरी.

---

चकलीभाजणी

चर्चा छान चाललीय, पण माझ्या सासूबाईंसाठी काय करू ते सांगा कोणीतरी. त्या नाशिकला एकट्या असतात. मोबाइल वापरतात, पण रात्री-अपरात्री हात लँडलाइनकडेच जातो. फायबर आहे. लाइट गेल्यावर फोन चालू ठेवायचा तर इन्व्हर्टरच घ्यावा लागेल का? त्यांच्या दोन खोल्यांत ठेवायचा कुठे?

---

तिसरी_घंटा

@चकलीभाजणी, अख्खा इन्व्हर्टर नको. फायबरचा डबा (ओएनटी) बहुतेक १२ व्होल्ट डीसीवर चालतो. राउटरसाठीचा 'मिनी यूपीएस' मिळतो, डब्याएवढाच असतो, ॲडॉप्टर आणि ओएनटी यांच्या मध्ये जोडायचा. विकत घेण्याआधी ओएनटीच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर किती लिहिलेत ते बघा आणि तेवढं देणारा घ्या. ओएनटी आणि वायफाय राउटर वेगवेगळे असतील तर फोनची तार ज्याला जोडली आहे त्यालाच बॅकअप दिलात तरी फोन चालेल.

पण त्याआधी केबलवाल्याला एक प्रश्न विचारा: आमच्या घरापासून तुमच्या ऑफिसपर्यंत मध्ये स्प्लिटर आहे की स्विच? स्प्लिटर म्हणजे नुसती काच, त्याला वीज लागत नाही. पण काही ठिकाणी स्थानिक केबलवाल्यांनी जिन्याखाली किंवा गच्चीवर छोटा स्विच ठेवलेला असतो आणि त्याचा प्लग बिल्डिंगच्या कॉमन मीटरवर. तसं असेल तर लाइट गेल्यावर तो झोपतो आणि तुमच्या घरातला यूपीएस हिरवा दिवा दाखवत बसतो. ओएनटीवर लाल 'लॉस' दिवा लागला तर समजायचं की घरातली वीज आहे, पण पलीकडून प्रकाशच येत नाहीये.

---

चकलीभाजणी

स्प्लिटर आहे म्हणाला. मिनी यूपीएस मागवते. त्यांच्याकडे कॉर्डलेस फोन आहे, तो चालेल ना?

---

निवृत्त_जेटीओ

नाही चालणार. हँडसेटमध्ये बॅटरी असते, पण खालचा बेस लाइटवर चालतो, त्यामुळे लाइट गेली की तो मेला. जुना तारवाला, बटणांचा फोन असेल तर तो ओएनटीच्या फोनच्या पोर्टला लावा. त्याला लागणारी वीज ओएनटीच देतो. आणि लावून झाल्यावर मेन स्विच बंद करून एकदा सासूबाईंना स्वतः फोन लावायला सांगा.

---

घाटवाट

आणि तो फोन पावसाळ्यातही चालेल हे लिहायला विसरू नका.